कोरियन वाचता येतं, पण ऐकलं की कळत नाही: माझा उपाय

लक्षण: हंगुल (कोरियन लिपी) येतं, पाठ वाचता येतो, पण तोच ऐकला की शब्द ओळखू येत नाहीत. नागपूरच्या बर्डीवरून आणलेल्या पुस्तकात उच्चार रोमन लिपीत, ऑडिओ नाही. ॲपमध्ये नुसते सुटे शब्द. पार वैतागले होते.

लागू पडलेला क्रम असा. कोरियन शिकवणाऱ्या सेजोंग इन्स्टिट्यूटचं ऑडिओसह प्राथमिक पुस्तक घ्या. पाठ आधी पुस्तक मिटून ऐका. मग उघडून ऐका. अक्षर आणि आवाज जुळत नाही तिथे पेन्सिलीने खूण करा. तो शब्द कोरियाच्या राष्ट्रीय भाषा संस्थेच्या मोफत ऑनलाइन शब्दकोशात शोधा. तिथे खरा उच्चार चौकटी कंसात असतो. रश्शाला लिहितात ‘गुक्‌मुल’, कंसात दिसतं ‘गुङ्मुल’. म्हणजे आपलं वाक् + मय = वाङ्मय! ‘मित्‌नुन’चं ‘मिन्नुन’ होतं, जसं जगत् + नाथ = जगन्नाथ. शाळेतली व्यंजनसंधी इथे थेट कामी येते, रोमन लिपीची गरजच उरत नाही. उच्चार वहीत हंगुलमध्येच उतरवा आणि ऑडिओबरोबर मोठ्याने म्हणा.

हे जमल्यावरच तोपिक-१ चे (कोरियन भाषेच्या प्राथमिक परीक्षेचे) जुने पेपर घ्या. त्यातल्या ७० प्रश्नांपैकी ३० ऐकण्याचे असतात.