जुन्या आउटबोर्ड मोटरची पेट्रोलगळती पावडरीने शोधावी

पावसाळाभर गोव्यातल्या शापोरा नदीच्या काठी झाकून ठेवलेली जुनी आउटबोर्ड मोटर, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवायचे इंजिन, पुन्हा होडीला लावली की कधी कधी पेट्रोलचा वास येतो, पण गळती नेमकी कोठे आहे ते कळत नाही, कारण पेट्रोल ओघळत जाऊन भलत्याच जागी साचते.

अशा वेळी मोटर थंड असतानाच वरचे झाकण काढावे, नळ्या, त्यांचे जोड, फ्युएल पंप आणि कार्ब्युरेटर फडक्याने पूर्ण कोरडे करावेत, कार्ब्युरेटरचे हवा ओढणारे तोंड स्वच्छ पांढऱ्या कापडाने झाकावे आणि बाकी भागांवर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरावी. मग टाकीच्या नळीतला रबरी फुगा, त्यावरील बाणाचे टोक वरच्या दिशेला राहील असा धरून, घट्ट होईपर्यंत दाबावा आणि दहा मिनिटे थांबावे. पावडरीतली ओली रेघ जेथे सर्वांत वर सुरू होते, तेथेच दोष असतो. बहुधा तो जोडातल्या झिजलेल्या रबरी कडीत किंवा तडकलेल्या नळीत सापडतो, आणि हे दोन्ही भाग स्वस्त आहेत. रेघ कोठेच नाही, पण कापड भिजले, तर फ्लोटची सुई, म्हणजे कार्ब्युरेटर भरला की येणारे पेट्रोल अडवणारी सुई, नीट बसत नाही असे समजावे. काहीच ओले न होता फुगा सैल पडला, तर त्याचीच झडप तपासावी.

हे काम उघड्यावर, बॅटरीची तार काढून करावे. जवळपास विडी-सिगारेट नको. तपासणी झाल्यावर कापड काढल्याशिवाय आणि पावडर पुसल्याशिवाय मोटर सुरू करू नये.