परदेशातील पदव्युत्तर प्रवेश : अर्जात या चुका टाळा

“सर, ८.२ सीजीपीए आहे, माझा नंबर लागेल का?” सोलापुरातील अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवताना दर पावसाळ्यात हा प्रश्न माझ्यापुढे येतो. केवळ गुणांवरून त्याचे उत्तर देता येत नाही, कारण तिकडची प्रवेश समिती संपूर्ण अर्ज वाचते आणि आपल्या मुलांचे अर्ज कच्चे राहतात ते बहुधा गुणांव्यतिरिक्तच्या कागदांत.

सर्वांत मोठी चूक शिफारसपत्रांची. दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी एक विद्यार्थी स्वतःच लिहिलेले पत्र घेऊन केवळ सहीसाठी माझ्याकडे आला. तो मेहनती आहे, प्रामाणिक आहे, वेळेवर येतो, एवढेच त्या पत्रात होते. दुसऱ्या प्राध्यापकांसाठी तयार केलेल्या पत्रातही हाच परिच्छेद होता. वास्तविक या मुलाने काकांच्या टॉवेलच्या कारखान्यात, जुन्या यंत्रमागावर, ताण्याचा धागा तुटताच माग थांबवणारे सर्किट बसवले होते, आणि पहिले दोन प्रयत्न कापसाच्या तुसामुळे का फसले हे त्याने मला वहीत आकृती काढून दाखवले होते. पत्रात यायला हवे होते ते हेच. एकाच हातची तीन पत्रे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतात आणि मग उरलेल्या अर्जावरचाही विश्वास उडतो. म्हणून ज्यांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम केले त्या शिक्षकांना किमान दोन महिने आधी भेटावे, सोबत प्रकल्पाचा अहवाल व मुदतींचा तक्ता द्यावा आणि पत्र त्यांनाच लिहू द्यावे.

उद्देशपत्रातही, म्हणजे काय व का शिकायचे हे सांगणाऱ्या ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’मध्येही, हेच घडते. लहानपणापासूनच्या यंत्रांच्या ओढीवर अर्धे पान खर्च होते आणि कोणता प्रश्न अभ्यासायचा, त्यासाठी हाच विभाग का निवडला, हे शेवटच्या दोन ओळींत उरकले जाते.

गुणांचे रूपांतर स्वतःच्या मनाने करू नये. अनेक विद्यापीठे मूळ श्रेणीतच गुण मागतात. तेथे दहापैकी ८.२ चे चारपैकी ३.२८ करून लिहिणे ही चुकीची माहिती ठरते. एखाद्या विषयात एटीकेटी लागली असेल, तर ती लपवू नये, कारण ती ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सर्व सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यावर, दिसतेच.

नावाची अडचण खास आपल्याकडची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे व वडिलांचे नाव आणि वर आईचेही नाव असते. पासपोर्टवर मात्र मांडणी वेगळी असते. जीआरई (पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा) किंवा टोफेलची (इंग्रजीची परीक्षा) नोंदणी पासपोर्टवरील नावाप्रमाणेच करावी, नाहीतर परीक्षेच्या दिवशी प्रवेश नाकारला जाऊ शकतो. टोफेल व आयईएलटीएस या इंग्रजीच्या दुसऱ्या परीक्षेचे गुण दोन वर्षे आणि जीआरईचे पाच वर्षे ग्राह्य असतात, हेही परीक्षा देण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. जर्मनीला जायचे असल्यास नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे तपासून दिलेला दाखला, लागते. त्याला काही आठवडे जातात, तेव्हा अर्जाआधीच ते मागवावे.

खर्चाच्या धास्तीने अनेक घरांत हा विषयच मिटतो, याचे मला फार वाईट वाटते. अमेरिकेत एमएसचा खर्च बहुतेकांना स्वतः करावा लागतो हे खरे. परंतु तेथील अनेक विभाग पदवीनंतर थेट पीएचडीला प्रवेश देतात आणि त्यात शुल्कमाफीसह विद्यावेतन मिळते. संशोधनाची खरी आवड असलेल्याने हा मार्ग न तपासता सोडू नये.

अमेरिकेतील बऱ्याच मुदती डिसेंबर ते जानेवारीत संपतात. १५ डिसेंबरच्या रात्री ११.५९ ची न्यूयॉर्कची वेळ म्हणजे आपली १६ तारखेची सकाळी १०.२९, तरीही त्या सकाळवर विसंबू नये. मुदतीनंतर पोर्टलवर एखादे शिफारसपत्र आलेले दिसत नसेल, तर आधी शिक्षकांना त्यांच्या ईमेलचे स्पॅम पाहायला सांगावे, पोर्टलवरून पुन्हा विनंती पाठवावी आणि त्याच दिवशी विभागाच्या प्रवेश कार्यालयाला अर्ज क्रमांकासह कळवावे. अर्ज स्वतः वेळेत भरलेला असेल, तर उशिरा आलेले पत्र पुष्कळदा स्वीकारले जाते.