रिसर्चसाठी सही मागितली तर आधी हे करा

रिसर्चचा फॉर्म पुढे आला की लगेच सही करू नका, घरी न्यायला मागा, आणि कोणी घाई केली तर सरळ विचारा की हा इलाज आहे का रिसर्च, कारण या दोन्हीची गल्लत होते तिथेच गरीब माणूस फसतो. अमेरिकेत टस्कीगीला १९३२ ते १९७२ सुमारे ६०० काळ्या पुरुषांना सिफिलिस या गुप्तरोगाच्या अभ्यासात घेतलं, सांगितलं काय तर "रक्त खराब आहे", आणि त्यावरचं औषध पेनिसिलिन आलं तरी आजारी माणसांना दिलं नाही! अमेरिकेतच बाल्टिमोरला १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कॅन्सर झालेल्या बाईच्या गाठीतल्या पेशी न विचारता घेतल्या, त्या आजही लॅबमध्ये वाढतायत.

मग विचारायचं काय? उरलेल्या रक्ताचं, टिश्यूचं (अंगातून काढलेल्या तुकड्याचं) काय करणार, ते विकलं जाईल का. त्रास झाला तर खर्च कोणाचा. मधेच सोडलं तर नेहमीचा इलाज चालू राहील ना (राहायलाच पाहिजे).

वाचता येत नसेल तर आपल्या माणसाला शेजारी बसवून मोठ्यानं वाचून घ्या, मग सगळं डॉक्टरांना आपल्या शब्दांत परत सांगून बघा, अडखळलात तर त्यांनी अजून नीट समजावलेलं नाही, तुमची चूक नाही ती. आणि फॉर्मची कॉपी मागून घ्याच.