लेकरांच्या गमतीजमतींची वही कशी ठेवावी

दोन ते पाच वर्षांची मुले दिवसभर जे बोलतात आणि करतात, त्यातले बरेचसे रात्री आडवे होईपर्यंत आपल्या ध्यानातून गेलेले असते. म्हणून मूल बोलू लागले की घरात एक दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची वही आणावी आणि ती पेनासह स्वयंपाकघरातच ठेवावी, कारण निम्म्या गमती तिथेच घडतात. मोबाइल शक्यतो टाळावा, कारण तो समोर धरताच मूल हातातला उद्योग सोडून त्याच्याकडेच पाहू लागते.

नोंद त्याच दिवशी करावी. तारीख आणि वय वर्षे-महिन्यांत लिहावे, प्रसंग दोन-तीन ओळींत उरकावा, पण मुलाचे शब्द मात्र जसेच्या तसे उतरवावेत. ‘मी करलं’, ‘चिमणी जाली’, ‘आजी येली’ ही रूपे वहीत मुळीच सुधारू नयेत. ‘बसली’, ‘उठली’, ‘हसली’ ऐकून मुलाने कोणी न शिकवता नियम ओळखलेला असतो आणि तोच ते ‘जाणे’, ‘येणे’ यांनाही लावते. मला तर ही त्याची हुशारीच वाटते. बोलताना आपण ‘हो, चिमणी उडून गेली’ एवढेच म्हणावे. योग्य रूप हळूहळू त्याच्या कानावर बसते.

खरी कसोटी हसू आवरण्याची असते. आमच्या सांगलीच्या घरात एका संध्याकाळी भडंगाच्या दोन सारख्या वाट्या भरल्या असताना साडेचार वर्षांच्या धाकट्याने ‘ताईला जास्त दिलं’ म्हणून भोकाड पसरले. मग तो स्वतःच उठला, स्टीलचा उभा पेला घेऊन आला, वाटीतले भडंग त्यात ओतले, वर आलेले शेंगदाणे बोटाने आत दाबले आणि पेला डोळ्यांसमोर धरून समाधानाने म्हणाला, ‘आता माझं लई झालं.’ मला हसू अनावर झाले होते, पण मी पदर तोंडाला लावला; कारण तो विनोद करत नव्हता, हिशेब करत होता. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी बुटक्या भांड्यातले पाणी उंच भांड्यात ओतून मुलांना हेच विचारले होते, आणि लहान मुलांनी उंच भांड्यातच पाणी जास्त असल्याचे सांगितले होते. अशा वेळी चूक दाखवण्याची घाई करू नये. ‘जास्त कसं झालं रे?’ असे मनापासून विचारावे आणि उत्तरही लिहून ठेवावे. धाकटा म्हणाला, ‘बघ की, वरपर्यंत आलंय.’

निर्जीव वस्तूंविषयीचे प्रश्न तर आवर्जून टिपावेत. कृष्णेच्या घाटावर उभे असताना मुलीने, तेव्हा ती सव्वातीन वर्षांची होती, १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलाकडे बोट दाखवून विचारले होते, ‘त्याचे पाय रोज भिजतात, मग त्याला सर्दी होत नाही?’ मी तिलाच उलट विचारले, तेव्हा ‘तो मोठा आहे ना’ असे तिनेच सांगून टाकले.

भिंतीवर हळदीचे हात उमटवणे किंवा आजोबांचा चष्मा मांजराला घालणे यावर मोकळेपणाने हसावे. मात्र मारणे, थुंकणे, गॅसच्या बटणाशी खेळणे यावर घरातल्या कोणीही हसू नये. एकदा हसू मिळाले की ते मिळवण्यासाठी मूल तेच पुन्हा करते. तसेच पाहुण्यांसमोर ‘तेव्हा काय म्हणालास, सांग ना’ असा आग्रह धरू नये. आपल्या मनातल्या खऱ्या शंकेवर मोठी माणसे हसतात हे एकदा कळले की मूल विचारणेच कमी करते. आंघोळीचे किंवा रडण्याचे फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटातही टाकू नयेत.

वाढदिवसाच्या रात्री, मूल मांडीवर असताना, वहीतली पाच-सहा पाने त्यालाच वाचून दाखवावीत. तेव्हा तेही आपल्याबरोबर पोटभर हसते.

आणि नदीकाठी राहणाऱ्यांनी वही खालच्या कपाटात ठेवू नये. २०१९ च्या महापुरात आम्ही आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचे आकडे ऐकत सामान माळ्यावर चढवत होतो, तेव्हा रेशनकार्डाच्या पिशवीत मी सर्वांत आधी ही वही घातली होती.