मॅमथ केव्हला आई-बाबांना नेताय? टूर बघून बुक करा

अमेरिकेत केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहेला जाणार असाल तर आधी हे वाचा, कारण तिथे टूर एक नाही, बऱ्याच आहेत आणि नावावरून काही कळत नाही. हिस्टॉरिक टूर प्रसिद्ध म्हणून सगळे तीच घेतात, छानच आहे, जवळपास ३ किमी चालणं, प्रचंड मोठी दालनं, पण लोंबणारे चुनखडीचे झुंबर बघायला गेलात तर हिरमोड होईल. गुहेचा तो भाग कोरडा आहे, वरून पाणीच झिरपत नाही तर झुंबर बनणार कसे? शिवाय ५०० च्या वर पायऱ्या, आणि शेवटी मॅमथ डोम या उंच उभ्या पोकळीतला लोखंडी जिना चढायचा.

आई-बाबा इंडियातून आलेत, गुडघे दुखतात, तर सरळ फ्रोझन नायगारा घ्या. सव्वा तासाची, चालणं अगदी थोडं, आणि दगडाचा गोठलेला धबधबा अगदी जवळून दिसतो, त्यावरचे पाण्याचे थेंब लाइटमध्ये चमकत असतात. माझ्या आईला तर तिथून हलवेना! गुडघे धडधाकट असतील तर डोम्स अँड ड्रिपस्टोन्स, त्यात हाही भाग येतो, पण पायऱ्या पुन्हा ५०० च्या आसपास.

आत बाराही महिने १२ अंशाच्या आसपास थंडी, स्वेटर हवाच. स्ट्रोलर चालत नाही. आणि लुईव्हिलहून येणाऱ्यांनो, गुहेचं घड्याळ तुमच्यापेक्षा एक तास मागे आहे, तिकिटावरची वेळ तिथली असते. सुट्टीत तिकिटं आधीच संपतात, ऑनलाइन काढूनच निघा.