हायड्राचा बूम आपोआप खाली बसतोय? सील किट मागवायच्या आधी हे बघा

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत हायड्रा क्रेनची, म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या क्रेनची कामं करताना मला सगळ्यात जास्त येणारा फोन म्हणजे "बूम थांबत नाही ओ, उचलून ठेवला की हळूहळू खाली येतोय, येताना सील किट घेऊनच या." बूम म्हणजे क्रेनचा लांब हात, तो ऑइलच्या दाबानं उचलणाऱ्या सिलेंडरमधलं सील, म्हणजे ऑइल अडवणारी रिंग, गेलंय हे फोनवरच ठरवून मोकळे. सुरवातीला मीपण असंच करायचो. एकदा एका फाउंड्रीत दिवसभर खपून सिलेंडर उतरवला, नवं किट टाकलं, परत चढवला आणि बूम आपला तसाच खाली. दोष लॉक वॉल्व्हमधे, म्हणजे सिलेंडरमधलं ऑइल अडवून धरणाऱ्या वॉल्व्हमधे होता, त्याच्या सीटवर (जिथं टेकून तो बंद होतो) लोखंडाचा एवढासा कण अडकलेला. मालकानं काय काय ऐकवलं ते इथं लिहित नाही.

तर आधी खरंच किती बसतोय ते मोजा. हुकला काही न लावता बूम उचला, खाली कुणाला फिरकू देऊ नका, इंजिन बंद करा आणि ग्लँडजवळ (सिलेंडरच्या ज्या तोंडातून रॉड बाहेर येतो तिथं) रॉडवर खडूची रेघ मारून दहा मिनिटं थांबा. रेघ आत गेली तर बूम बसतोय. तेवढ्या वेळात बाहेरून ऑइल कुठं गळतंय का तेही बघून घ्या, पण होसवर (ऑइलच्या नळीवर) हात फिरवून कधीच नाही, पुठ्ठा धरायचा. बारीक भोकातून येणारी ऑइलची चिळकांडी कातडीत घुसते, वरून नुसती सुई टोचल्यासारखी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, आणि आतून हात सडायला लागतो. असं झालं तर मलम लावत बसायचं नाही, तासाभरात हॉस्पिटल गाठायचं आणि हायड्रॉलिक ऑइल आत गेलंय हे डॉक्टरला स्पष्ट सांगायचं, ऑपरेशन लागू शकतं.

आता गंमत अशी की सिलेंडरच्या बुडाला जो लॉक वॉल्व्ह असतो तो होस फुटला तरी बूम धरून ठेवण्यासाठीच असतो, त्यामुळं तो चांगला असेल तर केबिनमधल्या लिव्हरखालचा कंट्रोल वॉल्व्ह थोडाफार लीक असला तरी बूम बसत नाही. बाहेर गळती नसताना बूम बसतोय म्हणजे एकतर लॉक वॉल्व्ह नाहीतर पिस्टनचं सील. या दोघातला चोर पकडायला सिलेंडर उतरवायची गरज नाही.

बूम पूर्ण खाली घेऊन टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर दोन्हीकडं चार-पाच वेळा हलवा, टाकीचं झाकण हळू सैल करा, म्हणजे आतलं प्रेशर जातं. मग बुडाकडचा होस सावकाश सोडा, त्याच्या तोंडाला प्लग मारा आणि उघड्या पोर्टखाली बादली ठेवा. बाजूला उभं राहून दुसऱ्याला इंजिन स्लोवर चालू करून लिव्हर "खाली" दाबायला सांगा. आत साठलेलं थोडं ऑइल येईल आणि थांबेल, तर पिस्टन सील ठीक आहे, लॉक वॉल्व्ह खोला. येतच राहिलं तर सील गेलंय, आता खुशाल किट मागवा.

लॉक वॉल्व्ह खोलला की डिझेलनं धुवा, हवा मारा, ओ-रिंग बदला, सीटवर चर दिसला तर घासत बसू नका, अख्खा बदला. त्याचा सेटिंग स्क्रू मात्र हात न लावता सोडा. रिलीफ वॉल्व्हचंही तेच, जास्तीत जास्त प्रेशर किती चढायचं ते तो ठरवतो. लोड उचलत नाही म्हणून रिलीफ आवळायची लई जणांना सवय आहे. 100 एमएम बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलेंडर 200 बारला जवळपास 16 टनानं ढकलतो, त्यावर अंदाजानं अजून दोन फेरे आवळले तर वाकणार काय, सिलेंडर का बूमची पिन, हे तुम्हीच ठरवा. गेज लावल्याशिवाय नाही म्हणजे नाही.

सील बदलताना जुनं सील कुठल्या तोंडानं बसलंय त्याचा मोबाईलवर फोटो काढा. यू आकाराच्या सीलचं उघडं तोंड प्रेशरकडं पाहिजे. कडक सील गरम ऑइलमधे मऊ करून घ्या, स्क्रू ड्रायव्हरनं उचकटून खाच पाडू नका. पिस्टन आत ढकलताना पोर्टच्या भोकाची धार नवं सील कापते, तिथं हळू. रॉडवर नख फिरवा, नख अडकलं तर आधी क्रोमचं काम करून घ्या, नाहीतर नवं ग्लँड सील महिनाभरात परत गळणार.

आणि सगळं खोललंच आहे तर ऑइल बघाच. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की यार्डात बगॅसची, उसाच्या भुशाची धूळ असते, फाउंड्रीत वाळू, आणि आपण टाकी भरतो उघड्या डब्यानं. जो कण डोळ्याला दिसत नाही तोच वॉल्व्हच्या सीटवर बसतो, म्हणून जाळी आणि झाकण हवंच, रिटर्न फिल्टर (टाकीत परत येणारं ऑइल गाळणारा) वेळेवर बदला. ऑइल ताकासारखं पांढरं झालं असेल तर पाणी शिरलंय, 2019 च्या पुरात कृष्णेचं पाणी चढलं तेव्हा बुडालेल्या मशिनी नुसत्या वाळवून चालू करायच्या नव्हत्या, टाकी, होस, सिलेंडर सगळं रिकामं करून धुवायला पाहिजे होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्याला 68 नंबरचं ऑइल (हा जाडीचा नंबर) चालतं, पण मशीनच्या पुस्तकात 46 लिहिलं असेल तर 46 च, आणि दोन्ही मिसळू नका. लेव्हल बघताना सिलेंडर सगळे आत पाहिजेत, रॉड बाहेर असताना भरलं तर आत घेताना टाकी उतू जाते.

शेवटी लोड न लावता बूम दहा-बारा वेळा वर-खाली करून हवा काढा, टाकीतला फेस बसू द्या, आणि परत तीच खडूची रेघ. अर्ध्या तासानं जागेवर असली तर मग हलकं वजन लावून बघायचं.