सुट्टीआधी मुलांच्या हातची भेट : या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी ठाण्यातल्या बऱ्याच प्राथमिक वर्गांत पणत्या, शुभेच्छापत्रं, छोटी लटकनं यांची धांदल उडते. आजी-आजोबांना, वॉचमनकाकांना, शाळेच्या रिक्षावाल्या काकांना मुलांनी स्वतः केलेलं काहीतरी द्यायचं. खर्च थोडा, मजा भरपूर. मग घरी पोचेपर्यंत रंग हाताला लागतो आणि टिकल्या दप्तराच्या तळाशी सापडतात. बोल मुलांच्या हाताला लागतो, पण खरी चूक वेळापत्रकाची असते. पाऊस सरला तरी खाडीकाठची हवा दमटच राहते, आणि फेव्हिकॉल काय, रंग काय, त्यातलं पाणी उडाल्याशिवाय पक्के होत नाहीत. शेवटच्या दिवशी शेवटच्या तासाला सगळं उरकू नका. सोमवारी रंग, बुधवारी सजावट, शुक्रवारी घरी.

सर्वाधिक तक्रारी पणत्यांच्या. जांभळी नाक्यावरून साध्या, न रंगवलेल्या मातीच्या पणत्या आणा. तेल कमी प्यावं म्हणून पणती पाण्यात भिजवतात, ते बरोबरच. पण भिजवलेली पणती लगेच रंगवली की आतला ओलावा बाहेर पडताना रंगाचे पोपडे निघतात. दिवसभर उन्हात ठेवा. गडद दिसत असेल किंवा हाताला गार लागत असेल, तर ती अजून ओलीच आहे.

रंग बोटांना लागतोय? मग तो पोस्टर कलर असणार. तो वाळला तरी पाणी लागताच पुन्हा विरघळतो. ॲक्रेलिक एकदा वाळला की धुतला जात नाही, म्हणून पणतीसाठी तोच घ्या (आणि मुलांना जुने शर्ट घालायला सांगा, कारण कपड्यावरूनही तो निघत नाही). पोस्टर कलर लावून झालाच असेल, तर पणती धुवा, वाळवा, पुन्हा रंगवा. डाग उरला तर नव्या रंगाखाली जातो.

एका बाबतीत मात्र अजिबात सवलत नको. पणतीच्या आत आणि वात टेकते त्या टोकाला रंग, चमकी, टिकल्या, लेस काहीही लावू द्यायचं नाही. मुलांना नेमकी तीच जागा सजवायची असते. आधी पेन्सिलीने काठाखाली रेघ मारून द्या, ‘हिच्या वर ब्रश न्यायचा नाही’ हे पहिलीतल्या मुलालाही कळतं. कोणी आतूनही रंगवलीच, तर त्या पणतीत बॅटरीवरचा दिवा ठेवायला सांगा.

मीठ घातलेल्या पिठाची लटकनं स्वस्तात होतात : दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, लागेल तसं पाणी. व्हिडिओत ती दगडासारखी कडक दिसतात, आपल्याकडे चार दिवसांत मऊ पडतात, कारण मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. पोळीपेक्षा थोडी जाडच लाटा, जास्त जाड ठेवलीत तर तडे जातात. वाळवताना उलटत राहा आणि शेवटी दोन्ही बाजूंना वॉर्निशचा हात द्या. एवढं करायची तयारी नसेल तर जाड पुठ्ठा घ्या, खरं सांगायचं तर लहान मुलांसाठी तोच बरा.

मनी प्लँटची फांदी बाटलीत लावून देणं सुंदर आणि जवळजवळ फुकट. फांदीला पानाजवळची गाठ हवी, तिथूनच मुळं फुटतात. नुसतं पान खोचलं तर वेल वाढत नाही. पण ही बाटली डेंगीच्या डासालाही आवडते. त्याला साठलेलं स्वच्छ पाणी लागतं आणि साधारण आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. बाटलीवर चिठ्ठी चिकटवा : ‘दर रविवारी पाणी बदला’. वर्गातही हा नियम पाळा. बाटली काचेची नको.

शुभेच्छापत्रात रंगापेक्षा मजकुराचा घोळ मोठा. फळ्यावर लिहून दिलेलं एकच वाक्य सगळा वर्ग उतरवतो आणि आजीला छापील कार्डच मिळतं. त्याऐवजी विचारा, ‘आजी तुझ्यासाठी काय करते?’ मग ‘आजी, तू भाकरीवर लोणी जास्त देतेस’ असं काहीतरी येतं. शुद्धलेखन सुधारायचा मोह आवरा. कडा कापून सरळ करून देण्याचाही. वाकडी कड आजीला चालते.

ग्लू गन मुलांच्या हातात नको, कोमट वाटली तरी पोळते.

नेताना पणती वर्तमानपत्रात गुंडाळू नका, रंग थोडा जरी ओला असला तरी कागद चिकटून शाई उमटते. घरून एक जुना स्वच्छ मोजा मागवा, पूर्ण वाळलेली पणती त्यात घाला आणि दप्तरात नाही, डब्याच्या पिशवीत ठेवा.